दोघींचा एकच रिपोर्ट

वयनी केळीच्या बुंध्याला टेकून बसली होती आणि तिच्या खालची माती भिजली होती. कोयता हातातच होता. मला वाटलं कोयता पायावर बसला. मी आधी तिचे पाय बघितले. दोन्ही धड होते. मग लुगडं बघितलं. मांडीखाली रक्ताच्या गाठी पडल्या होत्या, चिकूएवढ्या.

"बघतेस काय गो," ती म्हणाली. "पानी आन. आनि कोनाला हाक मारू नको."

मी हाक मारली. रविवार होता, सून घरी होती. ती धावत आली, तिनं एकदाच बघितलं आणि रिक्षा आणायला परत धावली. रिक्षावाल्यानं सीटवर प्लास्टिकचं पोतं अंथरलं. वयनीला त्याचा राग आला. मला नाही आला. त्याचं पोट त्या सीटवर.

आगाशीहून तुळिंजपर्यंतचा रस्ता उकरून ठेवला होता. प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची आणि म्हणायची, "केळीला टेकू लावायचा राहिला. घड पडंल." मी म्हटलं, "पडू दे." तर म्हणाली, "तुला काय, तू कदी टेकू लावलास?" अंगातलं रक्त चाललंय आणि भांडण टेकूचं. अशी होती ती.

वयनी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा ती आधीपासून होती. तिला मूल झालं नाही. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं, एवढं मला माहीत होतं. माझा मुलगा तिनं माझ्यापेक्षा जास्त कडेवर घेतला. दीर गेले, मग माझा नवरा गेला, आणि आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर राहिलो. पुढे चुलीचा गॅस झाला. वाडीतली केळी, पपई, चैत्रात कलिंगडं ती आगाशीच्या बाजारात घेऊन बसायची. मी घर बघायचे. हिशोब ती तोंडी ठेवायची आणि तो कधी चुकायचा नाही, भांडण मात्र रोज व्हायचं.

आमच्या घरात तेव्हा बाहेर बसायची पद्धत होती. महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत. सासू कडक. विहिरीला हात लावायचा नाही, देवाकडे बघायचं नाही, आणि पानमळ्यात तर पाऊलही टाकायचं नाही, पानवेल करपते म्हणायची. जेवण उंबऱ्यावर ठेवायची आणि मागे सरायची. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मी आले त्याच्या पुढच्या वर्षापासून आमचं दोघींचं एकदमच यायला लागलं. एखादा दिवस इकडे तिकडे. सासू वैतागायची. म्हणायची, "दोगी ठरवून बसताय काय? घरातलं कोन करनार?"

आता टीव्हीवर बायका ह्या पद्धतीविरुद्ध बोलतात. बरोबर बोलतात. थंडीत त्या पडवीत हाडं गारठायची. पण खरं सांगायचं तर आम्ही दोघी त्या चार दिवसांची वाट बघायचो. बाकीचे दिवस अंधारात उठायचं, शिंपायचं, कापायचं, रांधायचं, आणि बोललो तर सासू ऐकायची. पडवीत मात्र सासू जवळ यायची नाही, शिवली जाईल म्हणून. आम्ही सागरगोटे खेळायचो. वयनी बाजारातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची. एक जाडी बाई केळं दाबून दाबून बघायची आणि शेवटी न घेता जायची, ती नक्कल बघून मी इतकी हसले की सासूनं आतून तांब्या आपटला. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त हसले ते तिथे, मेणचटलेल्या गोधडीवर.

मग वय झालं, दोघींचं थांबलं. सासूही गेली. पडवीत सरपण आलं. सुनेच्या वेळी बाहेर बसायचं आम्ही काढलंच नाही. ती तुळिंजची, बिल्डिंगमध्ये वाढलेली, नोकरी करणारी. ती बसलीही नसती.

असं सगळं संपलेलं असताना, एके दिवशी माझ्या साडीला डाग दिसला.

मी दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी सुकेळीसाठी केळी सोलून उन्हात मांडत होतो, तेव्हा बोलले. "वयनी, मला परत आलंय."

तिनं केळं तसंच हातात धरलं. "काय आलंय?"

"तेच."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. दात नसलेल्या बाजूनं हवा सुटते तसं. "मला तर आठ दिवस झाले गो. बोलले नाय. म्हटलं, ही हसंल. म्हातारीला काय सुचलंय म्हनंल."

"आता काय करायचं?"

"काय म्हंजे? बाहेर बस."

आणि आम्ही बसलो. दोन म्हाताऱ्या. सरपण एका बाजूला सारलं, दोन चटया टाकल्या. देवाला हात लावायचा नाही, लोणच्याच्या बरणीला शिवायचं नाही. सगळं सासूसारखं, फक्त सासू नव्हती. वयनीनं कुठून तरी सागरगोटे काढले. दोघींच्या बोटांना आता ते झेलता येत नव्हते, ते घरंगळून सरपणात जायचे. आम्ही जुन्या माणसांचं बोललो, मेलेल्यांना नावं ठेवली. ती म्हणाली, "अंगाला आठवन आली बघ." मला ते पटलं. बरं वाटत होतं. का वाटू नये? माझं घर आता सगळं पुढच्या खोलीत, मोबाईलमध्ये असतं. मागे आम्हा दोघींचं राज्य होतं.

तिसऱ्या दिवशी सुनेच्या लक्षात आलं. तुळशीला पाणी तूच घाल, दिवा तूच लाव, असं तिला चाललं होतं. ती पडवीत येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, तुम्ही दोघी इथे काय करताय?"

मी काही बोलायच्या आधी वयनी म्हणाली, चांगलं ऐटीत, "आमाला कावळा शिवला."

सून हसली नाही. तिचा चेहरा पडला. "किती दिवस?"

"मला पाच," मी म्हटलं. "तिला जास्त."

"मोठ्या आई, ह्या वयात पाळी येत नसते. एकदा थांबून इतकी वर्षं झाल्यावर एक थेंब जरी गेला तरी ते दुखणं समजायचं. उठा दोघी."

"शिवू नको गो आमाला," वयनी म्हणाली. सुनेनं दोघींना दंडाला धरून उठवलं.

तुळिंजच्या बाजारात, औषधाच्या दुकानावर एक डॉक्टरीणबाई बसते. तरुण आहे, घाई करत नाही. तिनं दोघींची सोनोग्राफी केली. म्हणाली, दोघींच्याही पिशवीचं आतलं अस्तर जाड दिसतंय, ह्या वयात ते पातळ असायला हवं. बहुतेकींना ह्यातून काही वाईट निघत नाही, पण काहींना कॅन्सर निघतो, आणि नुसतं बघून कोणाचं काय ते कळत नाही. "तुकडा काढून तपासायला पाठवू या."

तो शब्द तिनं वापरायला नको होता.

"कशाचा तुकडा?" वयनीनं विचारलं.

"आतल्या अस्तराचा, आजी."

"नाय. कलिंगडाला काप मारला का ते संध्याकाळपर्यंत आंबतं. इतकी वर्षं बाजारात बसले, कोनाला काप मारू दिला नाय. वाजवून बघ नि घे, नायतर चालती हो. तुमी बी वाजवून बघा."

डॉक्टरीणबाई हसली. आम्हीही हसलो. मग तिनं पाकीट न फोडता एक नळी दाखवली. बॉलपेनमधल्या रिफिलएवढी जाड, लांब, लवचिक. म्हणाली, कापायचं काही नाही. भूल नाही, टाका नाही. ही खालूनच पिशवीत घालायची, आतला दांडा मागे ओढायचा, पिचकारीत पाणी येतं तसं थोडं अस्तर नळीत येतं. दोन-तीन मिनिटं. उठून घरी जायचं. आणि सुई लावली म्हणून रोग पसरतो असं बायका म्हणतात, तसं ह्यात होत नाही.

आधी मी गेले. पाय वर करून झोपायची लाज वाटली, ती वाटणारच. दुखलं का, तर दुखलं. पहिल्या दिवशी पोट आवळायचं तसं, पण एकदम आणि जोरात. मी आई गं म्हटलं, तेवढ्यात झालंही. नर्सनं बाटली दाखवली. नारळाचं दूध गाळल्यावर गाळणीत राहतो तसा चोथा, लालसर, चमचाभरही नाही. हाच तो तुकडा.

बाहेर आले तर वयनी बाकाच्या कडेवर.

"दुखलं?"

"दुखलं. तेवढ्यापुरतं."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. माझं खोटं तिला माझ्या चपलांच्या आवाजावरून कळायचं. ती आत गेली. मी पडद्याच्या ह्या बाजूला. आत डॉक्टरीणबाईचा आवाज, "सैल सोडा आजी, सैल." मग काहीतरी लोखंडी वाजलं. मग पडदा सरला आणि वयनी बाहेर आली, निऱ्या खोचत.

"चल. बस चुकंल."

"झालं?"

"नाय झालं. नि होनार बी नाय."

सुनेनं समजावलं, डॉक्टरीणबाईनं समजावलं, मी दरडावलं. ती जिन्यावर जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. डॉक्टरीणबाई मला म्हणाली, "भूल देऊनही करता येईल, हव्या तेव्हा आणा. पण लांबवू नका." तेही वयनीला सांगितलं. भूल म्हटल्यावर ती आणखीच चिडली.

माझा रिपोर्ट इंग्रजीत आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, मराठी शाळेत. सुनेनं वाचला. कॅन्सर नाही. आत एक कोंब आलाय, साधा, काढून टाकला की झालं. तो पुढे दुर्बीण घालून काढला. तीही खालूनच जाते, पोट फाडत नाहीत. पडद्यावर पिशवीची आतली बाजू दिसते म्हणे, मला भूल होती, मी नाही बघितली. संध्याकाळी घरी. तो कोंबही तपासला. साधाच.

वयनीनं त्या संध्याकाळी माझ्यासाठी पेज केली. ती खूष होती. वाटी पुढ्यात ठेवून म्हणाली, "सुटलो गो."

"मी सुटले. तुझं अजून व्हायचंय."

"माजं कशाला? तुजं साधं निघालं ना? मग माजं बी साधंच. आपलं कदी वेगळं आलंय?"

मला वाटलं थट्टा करते. ती थट्टा करत नव्हती.

"वयनी, रिपोर्टवर माझं नाव आहे."

"नाव कोनाचं बी लिवतील. घर एकच लिवलंय ना?"

सून म्हणाली, "मोठ्या आई, पोटं दोन आहेत."

"पोटं दोन," वयनी म्हणाली. "दिवस एक."

आमच्या सासूपासून सगळ्यांनी हेच म्हटलं होतं. इतकी वर्षं आम्ही एका वेळेला बसलो, एका वेळेला न्हालो, थांबलो तेही मागेपुढे. आणि परत आलं तेही एकदम. तिच्या हिशोबात माझ्या पोटातून गेलेल्या नळीनं तिचंही पोट बघून झालं होतं. त्यातच तिचं रक्त जायचं थांबलं. मग तर काही विचारूच नका. माझा कोंब काढला आणि तिचं दुखणं गेलं, असं तिनं बाजारात सांगितलं.

मी तिच्याशी भांडले. रोज भांडले. जेवण वेगळं करीन म्हटलं, तर तिनं स्वतःच ताट घेऊन मागे जाऊन जेवायला सुरुवात केली. मुलानं रिक्षा दारात आणून उभी केली, ती वाडीत जाऊन बसली. पाऊस गेला, दिवाळी गेली. ती बारीक होत गेली आणि पोट मात्र पुढे आलं. म्हणायची, वारा धरलाय. मध्ये मध्ये डाग दिसत असणार. ती आपली कापडं स्वतः धुवायची, कोणाला दिसू द्यायची नाही. आणि मग तो रविवार आला, केळीखालचा.

डॉक्टरीणबाईनं आधी रक्त थांबवलं. आत कापडाची घडी दाबून भरली. दुसऱ्या दिवशी नळी घातली. ह्या वेळेला वयनी टेबलावरून उतरली नाही, उतरायला ताकदही नव्हती. मी तिच्या डोक्याशी उभी होते. तिनं ओठ चावला, नळी बाहेर आली, नर्सनं बाटलीचं झाकण लावलं.

"आता करा काय करायचं ते," वयनी म्हणाली, डोळे मिटून.

"झालं, आजी."

तिनं डोळे उघडले. आधी डॉक्टरीणबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढंच?"

मी मान हलवली.

"मग मला तेव्हा का नाय धरून ठेवलंस?"

तिला धरून ठेवणारा माणूस अजून जन्मायचा होता, हे तिलाही माहीत होतं. थोड्या वेळानं ती आपणहून बोलायला लागली. म्हणाली, पोरं गेली तेव्हा दोन्ही वेळेला तिची पिशवी खरवडून काढली होती. क्युरेटिन. दुसऱ्या वेळेला भूल पुरती चढली नव्हती. चार जणींनी हातपाय धरले. लोखंडाचा आवाज तिला ऐकू येत होता. इथे टेबलावर तोच आवाज आला.

महिन्याचे चार दिवस, इतकी वर्षं, आम्ही त्या पडवीत बसलो. दिरांची, सासूची, गावाची, देवाची, काही म्हणजे काही बोलायचं ठेवलं नव्हतं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. का नाही, ते मी विचारलं. म्हणाली, "तुला तेव्हा दिवस होते."

रिपोर्ट वाईट आला. मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे पोटात एक गाठ दिसली, तीही तपासली. सोनोग्राफीचं यंत्र पोटावर धरून, कातडी बधिर करून, बाहेरून सुई घातली. सुईला खटका असतो, खट् वाजतो आणि शेवयीएवढा बारीक धागा निघतो. ती म्हणाली ह्याचं तर नळीएवढंही दुखलं नाही. पोट न फाडता त्यांना कळलं की रोग पिशवीतून निघून पोटभर गेलाय, आता कापण्यासारखा राहिला नाही. सलाईनमधून औषध द्यायचं, निभावेल तेवढं.

केस गेले तेव्हा तिनं फणी माझ्याकडे फेकली. "ठेव. तुज्यात आजून उवा घालायला जागा हाय." शेजारच्या खाटेवरची बाई हसून हसून उठून बसली. नंतर ती बाई रोज वयनी उठायची वाट बघायची. शेवटी शेवटी वयनीला बोलवत नव्हतं. मी तिच्याशी बोलायचे, बाजारात काय भाव आहे, कोण मेलं. ती बोटानं माझ्या मनगटावर टकटक करायची. म्हणजे ऐकतेय, चालू दे.

आमच्या भागातल्या बायका आता मला विचारायला येतात. आधी दुसऱ्या गोष्टी बोलतात, मग चहा झाला की आवाज खाली करतात. मी सरळ सांगते. थांबलेलं परत आलं तर तरुण झाला नाहीत, दवाखान्यात जा. तुकडा नाही, रिफिलएवढी नळी आहे. दुखतं, तेवढ्यापुरतं. फार भीती वाटली तर भूल घेऊन करा, ती आता नीट चढते. आणि बहिणीचं, जावेचं, शेजारणीचं साधं निघालं म्हणून आपलं साधं निघत नाही. काही जणी जातात. काही चहा पिऊन घरी जातात.

मला तिची आठवण येते ती अशी बसून येत नाही. काम करताना येते. कोणी केळं दाबून बघितलं की मी मान वळवते, ही कशी तोंड करेल ते बघायला. काही ऐकलं की आधी तिला सांगायचं असं डोक्यात येतं आणि मी दोन पावलं टाकतेसुद्धा. घरात सगळे चांगले आहेत, मला काही कमी नाही. पण सून 'पाणी' म्हणते, मुलगाही आता 'पाणी' म्हणतो, आणि मी 'पानी' म्हटलं की नातवंडं मला सुधारतात. माझ्यासारखं बोलणारं घरात कोणी राहिलं नाही. मीसुद्धा लिहायला बसले की शाळेतलंच लिहिते. मला भांडायचं असतं आणि समोर कोणी नसतं. सून भांडत नाही, समजून घेते. समजून घेतलेलं मला नको असतं. मला पडवीतली ती गोधडी हवी असते, त्या चार दिवसांतला एक दिवस, अर्धा दिवस, आणि ती, तोंडात भाकरी घेऊन नक्कल करणारी. रक्त, थंडी, सासू, सगळ्यासकट चालेल.

रक्त दोघींना गेलं, एकाच घरात, एकाच महिन्यात. वयनी पुढच्या उन्हाळ्यात, कलिंगडाच्या दिवसांत, वारली. मी जिवंत आहे.